नाझरे ते फुरसुंगी: गोष्टीत शिरायच्या वाटेचा मागोवा

श्रावणातल्या रविवारी वाचायच्या आदित्य राणूबाईच्या कहाणीत एक गंमत दडलेली आहे. गरीब ब्राह्मणाच्या दोन मुली, एक राजाच्या घरी दिलेली, एक प्रधानाच्या. बारा वर्षांनी बाप लेकींचा समाचार घ्यायला जातो आणि म्हणतो, आधी माझी कहाणी ऐक. राणीला सवड नसते, राजा पारधीला निघालेला असतो. प्रधानाची बायको मात्र बसून ऐकते. ज्या घरानं कहाणी ऐकली नाही त्या घरात दारिद्र्य शिरतं. पुढे बरेच हाल सोसल्यावर राणीला वसा कळतो, आणि सासरी परतताना मुक्कामा-मुक्कामाला उपाशी माणसं शोधून ती त्यांना कहाणी ऐकवत जाते. कधी मोळीविक्या भेटतो, कधी मळा सुकलेला माळी, कधी मुलांना मुकलेली म्हातारी. श्रोत्याच्या हातात मोती ठेवायचे, कहाणी सांगायची, की त्याचं नशीब तिथल्या तिथे पालटतं. मोळी सोन्याची होते, विहिरीला पाणी लागतं, म्हातारीचे मुलगे परत येतात.

आता ती सांगते ती कहाणी कोणती? हीच. म्हणजे मुठीत अक्षता धरून ऐकत बसलेली घरातली सून आणि तिला टेकून बसलेली पोरं ही मोळीविक्याच्या आणि म्हातारीच्या पंगतीतलीच होतात. कहाणीत कहाणी ऐकणारे आहेत, त्यांना फळ मिळतं, आणि आपण ऐकतोय म्हटल्यावर आपलंही पान मांडलेलं आहे. कहाणी रचणाऱ्या अनाम बाईनं (माझ्या मते ती बाईच असणार) श्रोत्याला गोष्टीत ओढून घ्यायची युक्ती अशी सहज वापरली आहे की त्यात काही नवल आहे असं कुणाला वाटतच नाही.

वाचणारं पोर पुस्तकाच्या जगात उतरतं, या कल्पनेचं मूळ कुठे, असं विचारलं की आज जर्मन लेखक मिखाएल एंडे यांचं नाव पुढे येतं. त्यांची ‘न संपणारी गोष्ट’ १९७९ साली आली. बास्टियन नावाचा आई गेलेला, जाडजूड, वर्गातल्या पोरांच्या छळाला कंटाळलेला मुलगा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक पुस्तक चोरतो आणि शाळेच्या माळ्यावर दडून वाचत बसतो. वाचता वाचता त्याच्या लक्षात येतं की पुस्तकातल्या लोकांना त्याची चाहूल लागलेली आहे. मूळ जर्मन आवृत्ती दोन रंगांच्या शाईत छापलेली. माणसांचं जग लाल अक्षरांत, गोष्टीतलं जग हिरव्या. प्रकरणं सव्वीस, आणि प्रत्येकाची सुरुवात रोमन वर्णमालेतल्या पुढच्या पुढच्या अक्षरानं. कथेच्या ऐन मध्यावर एक म्हातारा बसलेला आहे, जो जगात घडेल ते सगळं लिहितो. तो आपलंच पुस्तक पहिल्यापासून वाचायला लागतो आणि त्यात बास्टियन दुकानात शिरतो ते वाक्यही येतं. गोष्ट स्वतःलाच गिळत फिरत राहते. ती थांबवायची तर वाचणाऱ्यानं आत यायला हवं, दुसरा उपाय नाही. बास्टियन ओरडून गोष्टीतल्या महाराणीला नवं नाव देतो आणि आत जातो.

फार सुंदर जागा आहे ही. पण राणूबाईची कहाणी डोक्यात असलेल्या माणसाला ती ओळखीची वाटते. फरक आहे तो बसायच्या जागेचा. बास्टियन एकटा आहे, चोरून वाचतोय, मनातल्या मनात वाचतोय. कहाणी मोठ्यानं वाचली जाते, चारचौघांत, आणि ऐकणारा नसेल तर ती सांगताच येत नाही. गोष्टीत शिरायची वाट एकांतातून जाते की आवाजातून, यावर या कल्पनेचे दोन वंश वेगळे होतात, आणि त्यातला आवाजाचा वंश बघायला सोलापूर जिल्ह्यासारखी जागा नाही.

सांगोला तालुक्यातलं नाझरे हे श्रीधरस्वामींचं गाव. काळ साधारण १६५८ ते १७२९. ‘हरिविजय’ १७०२, ‘रामविजय’ १७०३, ‘पांडवप्रताप’ १७१२, ‘शिवलीलामृत’ १७१८. पहिले तीन ग्रंथ पंढरपुरात पुरे झाले, चौथा बारामतीत. छापखाना मराठी मुलखात यायच्या शंभर वर्षं आधी हा माणूस खेड्यापाड्यांतला सर्वांत मोठा कथालेखक होता, आणि विद्वानांनी त्याला पंडित कवींच्या खालच्या पाटावर बसवलं तरी पोथी लावताना गावानं श्रीधरच लावला. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. रुमाल सोडून पोथी चौरंगावर ठेवायची. पानं सुटी, लांबट; वाचून झालेलं पान उचलून उलटं करून पलीकडे ठेवायचं, तसा एक ढीग कमी होत जातो आणि दुसरा वाढत जातो. राहिलेल्या ढिगाकडे बघून आपण कथेत कुठवर आलो हे पोरांनाही कळायचं. घरातल्या अशा वाचनात माझ्या वाट्याला पान नीट रचून ठेवायचं काम आलेलं आहे. पानाची कड बोटाला लागते तेव्हा राक्षसाचा वध किती पानांवर आहे याचा अंदाज येतो, आणि मग झोप लागत नाही.

‘शिवलीलामृता’चा सहावा अध्याय घ्या. राजपुत्र चंद्रांगद नाव बुडून यमुनेच्या तळाशी जातो. नागकन्या त्याला पाताळात नेतात, तक्षकाच्या दरबारात त्याचं स्वागत होतं, आणि तिथून तो घोड्यावर बसून परत वर येतो. इकडे त्याची बायको सीमंतिनी विधवेचं जिणं जगतेय आणि तरी सोमवारचं व्रत सोडत नाही. आजच्या मुलांना कपाटामागच्या जगाच्या गोष्टी आवडतात. त्यांना हा अध्याय नीट सांगितला तर ती दुसऱ्या दिवशी पुढचा मागतील.

त्याहून चतुर आहे अकरावा अध्याय, जो अनेक घरांत रोज वाचला जातो. काश्मीरच्या राजाचा मुलगा सुधर्म आणि प्रधानाचा मुलगा तारक. दोघांनाही सोन्याचे दागिने नकोत, रुद्राक्ष आणि भस्म हवं. हे असं का, म्हणून राजा पराशरऋषींना विचारतो, तर कळतं की मागच्या जन्मी ही दोघं महानंदा नावाच्या वेश्येकडची पाळीव जनावरं होती, एक माकड आणि एक कोंबडा, आणि तिनं कौतुकानं त्यांच्या अंगावर रुद्राक्ष बांधले होते. त्यातच ऋषी सांगतात की राजपुत्राचं आयुष्य सात दिवसांचं उरलंय. उपाय म्हणजे रुद्राचं आवर्तन. ब्राह्मण बसतात, पाठ सुरू होतो, मुलगा पडतो आणि पाठाच्या जोरावर उठून बसतो. म्हणजे अध्यायात पाठ चालू आहे आणि त्यानं एक पोरगा वाचतोय. घरात त्याच अध्यायाचा पाठ चालू आहे आणि शेजारी घरातला पोरगा बसलाय. शेवटी फलश्रुतीत वाचणाऱ्याला नि ऐकणाऱ्याला आयुष्य मिळेल असं सांगितलं की वर्तुळ पुरं होतं. एंडेला ज्या युक्तीसाठी सगळं लिहिणारा म्हातारा उभा करावा लागला ती नाझऱ्याच्या श्रीधरानं १७१८ साली ओवीत बसवून ठेवली होती.

भीमा पंढरपुरातून पुढे जाते ती अमरजेच्या संगमावर गाणगापूरला पोचते. आता ते गाव कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे, पण सोलापूरकरांच्या लेखी ते घरचंच. तिथली पोथी ‘गुरुचरित्र’. लिहिणारा सरस्वती गंगाधर मूळचा कन्नड, आणि आपल्याला मराठी येत नाही हे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्यानं मांडलेला डाव बघा. नामधारक नावाचा एक गांजलेला माणूस गाणगापूरच्या वाटेनं निघतो, थकून झाडाखाली झोपतो, स्वप्नात त्याला एक योगी दिसतो. जाग येऊन चालायला लागतो तर स्वप्नातली मूर्तीच समोर. तो सिद्धमुनी. त्याच्याकडे एक पुस्तक आहे, आणि ते पुस्तक म्हणजे गुरुचरित्र. नामधारक विचारत जातो, सिद्ध सांगत जातो, अध्याय होत जातात. पुढे कडगंचीच्या सायंदेवाची कथा येते तेव्हा सिद्ध सांगतो, हा तुझाच पूर्वज. ऐकणाऱ्याला गोष्टीत स्वतःचा खापरपणजा भेटावा, यापेक्षा आणखी आत कसं जायचं? परंपरा तर म्हणते की नामधारक म्हणजे खुद्द सरस्वती गंगाधर. सप्ताहाला बसणारा माणूस सात दिवस सोवळ्यात, एकभुक्त, जमिनीवर झोपून नामधारकाच्या जागी बसलेला असतो. पोथी हे नाटक आणि वाचक हे त्यातलं पात्र, अशी ती व्यवस्था आहे.

ही वाट सगळ्यांना मोकळी होती असं मात्र नाही. गुरुचरित्र बायकांनी वाचू नये, हा दंडक कैक घरांत आजही पाळला जातो. पंढरपुरात चोखोबांची समाधी देवळाच्या बाहेर, पायरीशी आहे. पोथीच्या चौरंगाभोवती कोण किती अंतरावर बसणार हे ठरलेलं असे. त्यामुळे ‘आपल्याकडे हे सगळं आधीच होतं’ असं छाती फुगवून म्हणताना, कुणाकडे, हेही विचारायला हवं. राणूबाईची कहाणी मला पोथ्यांपेक्षा जवळची वाटते ती यासाठीच. तिच्यात मोळीविक्याला मोती देऊन बसवून घेतात.

या वंशाची मुळं अर्थात आणखी खोल आहेत. ‘योगवासिष्ठा’त लीला राणीला सरस्वती देवी एका घराच्या पोकळीत सामावलेली दुसरी राज्यं दाखवून आणते. ‘अध्यात्मरामायणा’तली सीता वनवासाला न्यायला कांकूं करणाऱ्या रामाला विचारते की मी पुष्कळ रामायणं ऐकली आहेत, त्यात कुठे सीतेशिवाय राम वनात गेलाय का, ते सांग. पात्रानं आपलंच पुस्तक पुराव्याला काढावं आणि वाद जिंकावा, ही गंमत सर्व्हान्टेसनं १६१५ साली ‘डॉन किहोते’च्या दुसऱ्या भागात केली, तिथे पात्रांनी पहिला भाग वाचलेला असतो. आणि रामासमोर त्याचंच चरित्र गाणारे कुश-लव तर आपल्या अंगवळणी पडलेले. सांगोल्याला लागूनच आटपाडी तालुका. तिथल्या माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांनी १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू केलं ते याच प्रसंगापासून. छप्पन गाणी, दर आठवड्याला एक, सुधीर फडक्यांची चाल. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसत, म्हणजे चौरंग तोच, वरची वस्तू बदललेली.

छापील पुस्तकानं काय केलं? मराठीत मुलांसाठी छापलेल्या पहिल्यावहिल्या पुस्तकांत सदाशिव काशिनाथ छत्रे यांचं ‘बाळमित्र’ येतं, १८२८ चं. मूळ फ्रेंच लेखक बर्कँ, आणि वळण सगळं शिकवणुकीचं: चांगला मुलगा, वाईट मुलगा, आणि शेवटी बोध. श्रीधराच्या पोथीसमोर पोर श्रोता होतं. इथे ते विद्यार्थी झालं. श्रोत्याला गोष्टीत जागा असते, विद्यार्थ्याला बाकावर. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेल्या आणि विष्णुशास्त्र्यांनी पुढे नेलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’नी आणि ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या कादंबऱ्यांनी अद्भुताची तहान भागवली, तर १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक’ यांवर निबंध लिहून असल्या कल्पनेच्या भराऱ्यांना चाप लावायचा प्रयत्न केला. शाळामास्तर जिंकले असं म्हणायला हरकत नाही. मुलांच्या हातातलं अद्भुत कमी झालं नाही, पण ते ‘अभ्यास झाल्यावर’ या खात्यात गेलं.

युरोपात मात्र छपाईनं मुलाला एकटं पाडलं आणि त्या एकटेपणातून नवं दार उघडलं. १८६५ ची ॲलिस सुरू होते तीच मुळी ताईच्या हातातल्या पुस्तकाला कंटाळून. त्यानंतर ईडिथ नेस्बिट. तिच्या १९०१ च्या संग्रहात एक गोष्ट आहे: फेबियन आणि रोझामंड ही भावंडं घरातल्या ग्रंथालयात पुस्तकं आणि ठोकळे रचून एक शहर उभं करतात आणि त्यात शिरतात. त्या शहरात त्यांना स्वतःचं घर सापडतं, त्या घरात ग्रंथालय, त्या ग्रंथालयात आणखी एक शहर. लीला राणीची पोकळी नेमकी अशीच होती. तिच्याच दुसऱ्या गोष्टीत एका बालराजाच्या पुस्तकातून आधी फुलपाखरू, मग पक्षी आणि शेवटी लाल ड्रॅगन बाहेर पडतो. नेस्बिटची पोरं श्रीमंत नसतात, पण त्यांच्याकडे ग्रंथालयाची खोली असते. एंडेच्या बास्टियनला माळा मिळतो. ही जागेची श्रीमंती आहे, आणि या प्रकारच्या कथेला ती लागते. सोलापुरात १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीच्या भोवताली जी वस्ती वाढली, त्यातल्या एका खोलीत आई-बाप, चार पोरं, आजी आणि शिलाईमशीन राहायचं. माळा होता, पण त्यावर गोवऱ्या आणि मोडका पाळणा. तिथे पोर पुस्तक घेऊन बसलंच तर शेजारून धाकटा म्हणणार, मोठ्यानं वाच की.

माझ्या मते म्हणूनच मराठी बालसाहित्यात या कल्पनेनं उलटा रस्ता धरला. मूल पुस्तकात गेलं नाही, पुस्तकच गल्लीत आलं.

त्याआधी ‘चांदोबा’बद्दल लिहायला हवं. मद्रासहून निघणारा तेलुगू-तमिळ ‘चंदामामा’ जुलै १९४७ चा, मराठी ‘चांदोबा’ १९५२ पासूनचा. सोलापुरात या मासिकाला आगळी शोभा होती, कारण पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड, पलीकडे मराठी, आणि मासिक या तिन्ही भाषांत निघणारं. चित्रं तीच. के. सी. शिवशंकरन म्हणजे ‘शंकर’ यांनी काढलेला, खांद्यावर प्रेत नि हातात तलवार घेतलेला विक्रम तिन्ही भाषांत त्याच स्मशानातून चाललेला असायचा. लिपी येत नसली तरी शेजाऱ्याच्या अंकात आपला राजा ओळखू येतो, हा अनुभव पुणे-मुंबईच्या मुलांना सहज मिळणारा नव्हता. शिवाय वेताळाची गोष्ट म्हणजे श्रोत्याला धरून ठेवायचं जुनं यंत्र. गोष्ट संपते आणि प्रश्न येतो. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोकं फुटेल. वैजनाथशास्त्र्यांची ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनच्या छापखान्यात मोडीत छापली गेली तेव्हापासून विक्रम मराठी छपाईत आहे; पण वेताळाच्या प्रश्नाखाली छापलेल्या उत्तरावर तळहात ठेवून ‘थांब, मी सांगतो’ म्हणणारी पोरं चांदोबानं तयार केली. त्या क्षणी राजाच्या खांद्यावरचं ओझं वाचणाऱ्यावर असतं.

मग भा. रा. भागवत. १९१० चा जन्म, इंदूरचा. १९५१ मध्ये त्यांनी ‘बालमित्र’ मासिक काढलं. ज्यूल व्हर्न त्यांनी मराठीत आणला तो असा की ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ हे नाव वाचल्यावर धूमकेतूवर एसटी जात असावी असं वाटावं. ॲलिसलाही त्यांनी ‘जाईची नवलकहाणी’ केलं. इंग्लंडातल्या बिळात मराठी पोर पाठवण्यापेक्षा बीळच इकडे आणायचं, ही त्यांची रीत. आणि त्या रीतीचं सर्वांत मोठं फळ म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकल दामटणारा, हाडकुळा, तोंडानं ‘ट्टॉक’ करणारा. हा पोरगा खरा आहे, फुरसुंगीला गेलो तर भेटेल, असं मानणारी पिढी मी पाहिली आहे. तिला पुस्तकात शिरायची गरज वाटली नाही, कारण फेणे पुस्तकात राहत नव्हता. तो पुण्याजवळ राहत होता, आणि सोलापूरहून पुणं रेल्वेनं एका रात्रीच्या आत. १९८७ मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवननं त्याला चेहरा दिला. २०१७ च्या चित्रपटात दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी पुढची पायरी गाठली: अमेय वाघचा फेणे पुण्यात येतो आणि भेटतो तो भा. रा. भागवतांनाच, म्हणजे दिलीप प्रभावळकरांना. नायक मोकळा फिरतोय आणि लेखकच गोष्टीत येऊन बसलाय. सरस्वती गंगाधरानं नामधारकाच्या रूपानं जे केलं होतं त्याच्याशी याचं नातं कुणी मुद्दाम जोडलं असेल असं नाही, पण रक्त ओळख दाखवतं.

प्रभावळकरांचं या वंशावळीत आणखी एक काम आहे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण मुळात त्यांनी केली होती. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरनं १९५९ मध्ये मतकरींचं ‘मधुमंजिरी’ आणलं, पुढे मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ संस्था काढली, आणि पुस्तकाच्या पानावर जी भिंत असते ती नाट्यगृहात पोरांनी ओरडून पाडली. २०१८ साली ‘अलबत्या गलबत्या’ नव्यानं आलं, चेटकीण वैभव मांगले. प्रयोगाला बसलं की कळतं: चेटकीण मागून येते आणि तीन-चारशे पोरं एका सुरात नायकाला सावध करतात. आपलं ऐकलं नाही तर त्याचं काही खरं नाही, अशी त्यांची पक्की समजूत असते. बास्टियननं महाराणीचं नाव ओरडणं आणि हे ओरडणं यांत मला भेद करता येत नाही, इतकंच की इथे तो एकटा नाही.

युरोपालाही शेवटी आवाजाकडे वळावं लागलं. कॉर्नेलिया फुंकं यांची ‘टिन्टेनहेर्त्स’ २००३ ची, इंग्रजीत ‘इंकहार्ट’. त्यातला मो हा पुस्तकं बांधणारा कारागीर. तो मोठ्यानं वाचतो तेव्हा पात्रं पानातून बाहेर पडतात, आणि बदल्यात खोलीतलं कुणीतरी पुस्तकात जातं. त्याची बायको अशीच गेली, तेव्हापासून तो मुलीला काहीच वाचून दाखवत नाही. वाचण्याला किंमत मोजावी लागते, हिशेब चुकता होतो, हे आपल्याकडच्या व्रतकथेला साजेसं आहे; फक्त तिच्यात बहुधा मिळतंच, जात नाही. हॅरी पॉटरमधली टॉम रिडलची वही तर लिहिलेल्याला उत्तर देते आणि आत ओढून घेते. ती मनातल्या मनात वाचायची वस्तू आहे, आणि रोलिंगबाईंनी तिला विषारी केलंय, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

मराठीत एकट्यानं, ग्रंथालयात बसून, मनातल्या मनात वाचत पुस्तकाच्या जगात गेलेला एक ठळक वाचक आहे, आणि तो पोर नाही. तो इतिहासाचा प्राध्यापक आहे. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. नारळीकरांनी विज्ञानकथा लिहायला घेतली १९७४ च्या सुमारास, पहिली कथा टोपणनावानं स्पर्धेला पाठवून. गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला निघतात आणि पोचतात त्या मुंबईला जिथे पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत आणि कंपनी सरकार अजून आहे. काय झालं ते शोधायला ते टाऊन हॉलमधल्या एशियाटिकच्या ग्रंथालयात जातात आणि इतिहासाचे खंड मागवतात. उलगडा होतो तो बखरीच्या पानावर: विश्वासरावाला लागायची गोळी चाटून गेली. आपल्या जगातल्या बखरीत ती लागते. संध्याकाळी ते आझाद मैदानावर जातात. तिथे सभा चालू आहे, वक्ता बोलतोय आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी. शेकडो सभांचं अध्यक्षपद भूषवलेल्या माणसाला ते बघवत नाही. ते जाऊन खुर्चीत बसतात. पण त्या जगानं अध्यक्ष आणि त्यांची लांबलचक भाषणं केव्हाच मोडीत काढलेली असतात. लोक ओरडतात, उठा म्हणतात, टोमॅटो आणि अंडी फेकतात, आणि त्या गदारोळात पंत तिथून नाहीसे होऊन आपल्या मुंबईत, आझाद मैदानावरच पडलेले सापडतात.

त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता, पण खिशात ते बखरीचं फाटकं पान राहून गेलेलं असतं. वाचता वाचता कोटाच्या खिशात गेलेलं. मित्राला ते पान दाखवून झाल्यावर, त्यानं भौतिकशास्त्र लावून सगळं समजावल्यावर, पंत सांगतात की पानिपतावरच्या परिसंवादाचं अध्यक्षपद त्यांनी नाकारलं आहे. ही कथा इंग्रजीत एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आहे, खाली स्वाध्यायासकट.